रोबोट सारखा मागे कलंडतो, सांधा घट्ट केला तरी चार महिन्यांत परत ढिला: नेमकं कुठे बघायचं

ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडीचा रोबोट आणि रोबोटची गाडी होणारी खेळणी, गोळा करणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास कधी ना कधी होतोच. रात्री कपाटात नीट उभा करून ठेवलेला रोबोट सकाळी बघावं तर पाठीवर आडवा, शेजारच्या दोघांना सोबत घेऊन, आणि कुणाची तरी बंदूक कपाटामागे गेलेली. मग आपण सांध्याला काहीतरी लावतो, दोन-चार महिने बरं चालतं, आणि परत तेच. माझ्याकडच्या एका सात इंची लाल ट्रकने मला ह्यात दोन वर्षं घालवायला लावली, तीन वेळा दुरुस्त केला आणि तिन्ही वेळा परत आडवा झाला, म्हणून जे कळलं ते सगळं सविस्तर लिहितोय.

आधी माझं काय चुकत होतं ते सांगतो, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं. ट्रक मागे कलतोय, कंबरेपासून वाकल्यासारखा दिसतोय, म्हणजे कंबरेचा सांधा गेला असं मी धरून चाललो. कंबरेचे दोन्ही स्क्रू आवळले, तरी कलतोय, अजून आवळले, आणि उजव्या बाजूला स्क्रूच्या भोवती प्लास्टिकवर बारीक पांढरी रेघ उठली. ती रेघ म्हणजे प्लास्टिकने हात टेकले, पुढची पायरी चीर. आणि गंमत नाही सांगत, कंबर ठणठणीत होती, ढिला होता तो घोटा! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

तर पहिलं काम, नेमका कुठला सांधा ढिला आहे ते शोधणं. गॅरेजमध्ये गाडी एका बाजूला ओढतेय म्हणून नेली की चांगला मेकॅनिक लगेच पाना घेत नाही, गाडी जॅकवर घेतो, चाक वर-खाली धरून हलवतो, मग डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवतो, आणि कुठे प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे ते हाताला लागतं. वर-खाली प्ले असेल तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग, आडवा असेल तर टाय रॉडकडे बघायचं. रोबोटलाही अगदी हेच करायचं. टेबलावर टॉवेल पसरा, रोबोट पाठीवर झोपवा म्हणजे वजन सांध्यावर येत नाही. डाव्या हाताच्या चिमटीत कंबर पकडा आणि उजव्या हाताने फक्त मांडी हलवा. मग मांडी पकडून नडगी हलवा. मग नडगी पकडून पाऊल, पुढे-मागे आणि आडवं, दोन्ही. एका वेळी एकच सांधा दोन हातांच्या मध्ये आला पाहिजे, पाय अख्खा धरून हलवलात तर काहीच कळणार नाही.

अजून एक सोपी खात्री आहे. व्हिजिटिंग कार्ड दोनदा दुमडा आणि टाचेखाली सरकवा. तेवढ्याने रोबोट उभा राहिला तर कंबर आणि गुडघा निर्दोष आहेत, त्यांना हात लावू नका, घोट्याकडे बघा. माझा ट्रक एका कार्डावर रात्रभर उभा राहिला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

इथे एक सावधगिरीची सूचना, आणि ही खरंच मनावर घ्या. रोबोट १९८० च्या दशकाच्या शेवटचा किंवा नव्वदीतला असेल आणि त्याच्या प्लास्टिकमध्ये सोनेरी किंवा चमचमत्या भुकटीच्या लाटा दिसत असतील तर सांधे हलवून बघूच नका. त्या काळात प्लास्टिकमध्ये चमकी मिसळून जे भाग बनले त्यातले कितीतरी वयाबरोबर आतून ठिसूळ होतात आणि बिस्किटासारखे तुकडे पडतात, अगदी कधीही न खेळलेले, डब्यातलेसुद्धा. जपानी ब्लॅक झारक हा रोबोट ह्याच कारणासाठी कलेक्टर लोकांत प्रसिद्ध आहे. ह्यावर औषध नाही. तो ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत राहू द्या, रूप बदलू नका.

मागे कलण्याचं कारण दर वेळी सांधाच असतो असंही नाही. गाडीचं रोबोट होताना छत, बॉनेट, मागची काच हे सगळं कुठेतरी जायला लागतं, आणि बहुतेक डिझाइनमध्ये ते पाठीवर जातं, शाळेच्या दप्तरासारखं. पाऊल छोटं, टाच त्याहून छोटी, आणि दप्तराचं वजन टाचेच्या मागे गेलं की सांधे नवे असले तरी रोबोट मागे जाणारच. ह्यासाठी सांध्याला काही फासायची गरज नाही, माहितीपत्रक उघडून बघा की टाचेचा बाहेर निघणारा तुकडा काढायचा राहिलाय का. माझ्या ओळखीत दोघांचे रोबोट निव्वळ टाच न उघडल्याने पडत होते. नाहीतर कंबरेतून किंचित पुढे झुकवा, एक पाय थोडा मागे ठेवा, झालं.

आणि जुने रोबोट बघा. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स आणले तेव्हा साचे स्वतःचे नव्हते, जपानच्या ताकाराचे डायाक्लोन आणि मायक्रो चेंज ह्या मालिकांमधले होते. डायाक्लोनच्या गाड्या साधारण एकास साठ प्रमाणातल्या, आणि त्या गाड्या काय होत्या बघा, प्राउल नावाचा रोबोट म्हणजे डॅटसन २८० झेडएक्स, साइडस्वाइप म्हणजे लॅम्बोर्गिनी काउंटाश, व्हीलजॅक म्हणजे लान्चिया स्ट्रॅटोस, मिराज तर चक्क लिजिएची फॉर्म्युला वन. त्यातल्या प्राउलला कंबरेत सांधा नाही, गुडघा नाही, पाय फक्त बाहेर ओढायचे. पोझ देता येत नाही म्हणून आजची मुलं नाक मुरडतात, पण चाळीस वर्षांनंतरही तो सरळ उभा राहतो, कारण ढिलं व्हायला काही नाहीच. आजच्या रोबोटचा घोटासुद्धा आडवा वळतो, सुंदर पोझ येते, आणि प्रत्येक वाढीव सांध्याबरोबर पडण्याची एक वाढीव जागा येते. मला नवे आवडतात, पण ही किंमत माहीत असलेली बरी.

आता सांधा सापडला असं धरू. पुढचा प्रश्न, तो कुठल्या जातीचा आहे, कारण एका जातीचं औषध दुसऱ्याला लावलं की सांधा कायमचा जातो.

सगळ्यात सोपा स्क्रूवाला. दोन अर्ध्या भागांमध्ये खुंटी दाबून धरलेली असते आणि वरून स्क्रू. रूप बदलून बदलून स्क्रू हळूहळू सैल होतो. मोबाइल-लॅपटॉप रिपेअरिंगचा जो बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट मिळतो तोच चालतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चांगला मिळेल, फक्त टोक खाचेत घट्ट बसणारं निवडा, लहान टोक घातलंत तर स्क्रूचं डोकं गोल होऊन बसेल. पाव फेरी आवळा, सांधा हलवून बघा, गरज असेल तर अजून पाव. पाव फेरी म्हणजे पावच.

स्क्रू पूर्ण काढला असेल तर परत लावताना एक गोष्ट करा, मला ही एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी दाखवली. स्क्रू भोकात ठेवून आधी उलटा फिरवा, काढतो तसा, अगदी हलक्या हाताने. एका जागी तो किंचित खाली बसतो, टक असं बोटाला जाणवतं. तिथे थांबा आणि आता सुलटा फिरवा. त्या जागी स्क्रूला जुने आटे सापडलेले असतात. हे न करता थेट दाबून फिरवलं की स्क्रू प्लास्टिकमध्ये नवीन आटे कापतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की भोक नुसतं मोठं होतं, स्क्रू फिरतच राहतो. आटे गेलेच असतील तर खाऊच्या पातळ प्लास्टिक डब्याच्या झाकणाची सुतासारखी चिंधी कापून भोकात उभी सोडा आणि मग स्क्रू लावा, पकड येते.

दुसरा पिनवाला. आरपार स्टीलची पिन असते, डोकं नसतं, दोन्ही बाजूंना नुसते गोल ठिपके दिसतात. इथे घाई करू नका. पिनच्या एका टोकाला बारीक उभ्या रेघा कोरलेल्या असतात, ते टोक प्लास्टिकमध्ये रुतलेलं असतं, दुसरं टोक गुळगुळीत. पिन बाहेर काढायची तर गुळगुळीत बाजूने ठोकून रेघांच्या बाजूने बाहेर काढायची, उलटं केलंत तर रेघा अख्ख्या भोकातून खरवडत जातात आणि भोक मोठं. कुठली बाजू ते भोकाकडे भिंगातून बघितलं की कळतं, रेघांच्या बाजूला भोकाची कड दातेरी दिसते. खाली आधार म्हणून लाकडाची पट्टी, भोक पाडलेली, आणि वरून बोथट केलेला खिळा, हातोडी अगदी छोटी. पिन निघाली की तिच्या मधल्या भागाला पारदर्शक नेलपेंटचा एक पातळ हात, पूर्ण वाळू द्या, मग परत बसवा. पूर्ण वाळू द्या म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत, कारण नेलपेंटमध्ये जे द्रावण असतं ते ओलं असताना एबीएस ह्या जातीच्या कडक प्लास्टिकला मऊ करतं. आणि चुकून सांडलं म्हणून रिमूव्हरने पुसायला जाऊ नका, त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं, एबीएस सरळ विरघळतं, रोबोटचा चेहरा गेला समजा.

समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या पिनांना गंज येतो, भोकाच्या खाली चहाच्या डागासारखा ओघळ दिसतो. सांधा चालत असेल तर ती पिन काढायला जाऊ नका, गंजलेली पिन निघताना प्लास्टिक घेऊन निघते.

तिसरा रॅचेट, कटकट आवाज करणारा, मोठ्या रोबोटच्या कंबरेत आणि खांद्यात असतो. आत दातेरी चाक आणि स्प्रिंग. ह्यात ग्लू, नेलपेंट, टेप काहीही घालायचं नाही, म्हणजे नाहीच! ग्लू स्प्रिंगपर्यंत गेला की सांधा कायमचा गोठतो. कटकट बारीक झाली असेल तर आधी बाहेरचा स्क्रू बघा. तरी नाही तर उघडावं लागतं, आणि उघडायचं ते मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत दोन्ही हात घालून, कारण झाकण सुटलं की स्प्रिंग खोलीत कुठे जाते ते देवालाच माहीत. त्याआधी मोबाइल स्टँडला लावून व्हिडिओ चालू करा, कुठला तुकडा कुठल्या बाजूने होता ते नंतर आठवत नाही. बहुतेक वेळा सांधा चाकाचे तीन-चारच दात वापरत असतो, बाकीचे कोरे असतात. चाक काढून थोडं फिरवून कोरे दात समोर येतील असं बसवता आलं तर रॅचेट परत पहिल्यासारखा वाजतो.

काही सांध्यांत खुंटीचं टोक छत्रीसारखं पसरलेलं असतं, एकदा आत गेलं की निघत नाही. ओढलंत तर तुटेल. ते सोडून द्या.

आता बॉल जॉइंट, माझ्या दुखण्याचं मूळ. गोळा आणि त्याला कवटाळणारी वाटी. इथे सगळ्यांचा ठरलेला उपाय म्हणजे गोळ्याला सुपरग्लूचा पातळ थर देऊन गोळा जाड करायचा, आणि एबीएसच्या गोळ्याला हा उपाय खरंच चांगला आहे. फक्त रीत पाळा. गोळा वाटीतून काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा, टूथपिकने एक अगदी पातळ थर, आणि वाळेपर्यंत हवेत धरून फिरवत राहा म्हणजे खाली थेंब जमणार नाही. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ. रात्रभर बाहेरच ठेवा, मग वाटीत. ओला असताना वाटीत घातला तर सांधा राहत नाही, एकच तुकडा होतो. जास्त घट्ट झाला तर अगदी बारीक पॉलिश पेपर ओला करून दोन हात फिरवा. ग्लू लावायला कापसाचा बोळा किंवा इअरबड घेऊ नका, सुपरग्लू कापसात शिरला की एकदम तापतो, बोट भाजतं, धूरही येतो.

मीही हेच केलं. मागच्या वर्षी मार्चमध्ये दोन्ही घोट्यांच्या गोळ्यांना दोन थर दिले, वाळवले, बसवले, ट्रक असा काही उभा राहिला की मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात परत पाठीवर. घोटा काढला तर गोळ्यावरून ग्लूचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून वाटीत पडला होता, अख्खा, गोळ्याच्या आकाराचा, नखाने उचलला तर पूर्ण टोपीच हातात आली. खालचा गोळा जसा होता तसा, गुळगुळीत, एक ओरखडा नाही. तेव्हा कळलं की हा गोळा एबीएसचा नाहीच.

रोबोटचं सगळं प्लास्टिक एक नसतं हे लक्षात घ्या. बाहेरचे रंगीत पॅनल बहुतेक एबीएस, काचा आणि पारदर्शक भाग पॉलिकार्बोनेट किंवा तसंच काही, मऊ भाग पीव्हीसी, आणि घासले जाणारे सांधे कधीकधी पीओएमचे, म्हणजे ज्याला ॲसिटल म्हणतात ते, ज्याचे मिक्सरपासून प्रिंटरपर्यंत सगळीकडे गिअर बनतात. पीओएम सहसा झिजत नाही, आपोआप निसरडं असतं, आणि ह्याच निसरडेपणामुळे त्याला ग्लू धरत नाही. ग्लू त्याच्यावर नुसता टोपी घालून बसतो. ओळखायचं कसं, तर पीओएम हाताला मेण लावल्यासारखं लागतं, चकाकी कमी असते, आणि नखाने दाबून घासलं तर नख सरकतं. खात्री नसेल तर गोळ्याच्या देठाला, जिथे दिसणार नाही तिथे, ग्लूचा एक टिंब लावून दुसऱ्या दिवशी नखाने उचलून बघा. उचलला गेला तर ग्लूचा नाद सोडा.

पीओएमच्या गोळ्याला प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप. नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. करंगळीच्या नखाएवढा तुकडा, ओढून पातळ केलेला, गोळ्यावर टोपीसारखा ताणून बसवा आणि गोळा वाटीत सरळ दाबा, फिरवून दाबलात तर टेप चुरगळते. बाहेर आलेली झालर ब्लेडने काढा. ढिला वाटला तर दुसरा तुकडा. टेप स्वतः निसरडी असते म्हणून सांधा अडकत नाही, आणि आवडली नाही तर काढून टाकता येते, काहीही कायमचं होत नाही, म्हणून मी आता कुठल्याही बॉल जॉइंटला पहिल्यांदा टेपच लावतो.

त्याआधी वाटी मात्र तपासा. टॉर्च लावून वाटीच्या ओठावर केसासारखी पांढरी रेघ दिसते का बघा. वाटीला चीर असेल तर गोळा जाड केल्याने चीर वाढेल, दुरुस्ती राहिली बाजूला. वाटी बदलावी लागते, आणि इथे एकाच साच्याचे रोबोट कामाला येतात. प्राउल, ब्लूस्ट्रीक आणि स्मोकस्क्रीन एकाच डॅटसनच्या साच्यातले, साइडस्वाइप आणि रेड अलर्ट एकाच काउंटाशच्या, आयर्नहाइड आणि रॅचेट (हे रोबोटचं नाव, वरचा सांधा नव्हे) एकाच निस्सान व्हॅनच्या. आजही तीच पद्धत आहे, रंग आणि डोकं बदलून तोच साचा परत येतो. म्हणून कुणी तुटका, हात नसलेला रोबोट स्वस्तात देत असेल तर घेऊन ठेवा, गाडीच्या जुन्या बाजारात पार्ट मिळतो तसा त्यातून पार्ट मिळतो.

पावसाळ्यात सुपरग्लू काढूच नका असं माझं मत झालंय. तो हवेतल्या ओलाव्यानेच वाळतो, त्यामुळे जुलैत डोंबिवलीच्या हवेत टूथपिक फिरवेपर्यंत घट्ट होतो आणि थर खडबडीत बसतो. शिवाय त्याची वाफ आजूबाजूला पांढरट भुकटी बनून बसते. पारदर्शक विंडशील्डवर ती बसली की काच दुधाळ होते, माझ्या एका निळ्या स्पोर्ट्स कारची पुढची काच अशीच गेली. काचेजवळच्या सांध्याला कुठल्याही महिन्यात ग्लू नको.

बरं, औषध योग्य लावलं, तरी सांधा चार महिन्यांनी परत ढिला का होतो? हे मला सगळ्यात उशिरा कळलं. प्लास्टिकवर सतत ओझं ठेवलं की ते अगदी हळूहळू त्या ओझ्याच्या दिशेने सरकतं आणि तसंच राहतं. एबीएस मऊ पडायला १०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, तेवढं आपल्या खोलीत कधीच नसतं, पण हे सरकणं त्याच्या कितीतरी खालीच चालू असतं, फक्त सावकाश, आणि उष्णता वाढली की वेग वाढतो. वाटी गोळ्याला कवटाळून बसलेली असते म्हणजे ती कायम ताणलेलीच असते. त्यात आपण रोबोटला हात वर, एक पाय पुढे, जड दप्तर मागे अशा पोझमध्ये वर्षभर उभं करतो, सगळं वजन त्या वाटीच्या एका ओठावर. ती वाटी उघडत जाणारच.

माझा ट्रक कुठे उभा होता सांगू? पश्चिमेच्या भिंतीवरच्या फळीवर, आणि त्याच फळीखाली वायफाय राउटर आणि सेट टॉप बॉक्स, चोवीस तास चालू. मे महिन्यात संध्याकाळी त्या फळीला हात लावला तर कोमट लागायची. बाकीचे रोबोट दुसऱ्या भिंतीवर, त्यातला एकही पडत नव्हता. दोन वर्षं मी सांध्याकडे बघत राहिलो, फळीला हात लावून बघावं हे सुचलं नाही.

त्यामुळे आता जे कायम प्रदर्शनात ठेवायचे ते मी गाडीच्या रूपात ठेवतो. गाडी चार चाकांवर उभी असते, घोट्यावर आणि कंबरेवर काही भार नाही. फक्त गाडी करताना सगळ्या खाचा आणि कुंड्या कचकचून दाबू नका, पॅनल जुळलेलं दिसेल इतपतच बसवा, नाहीतर ताण सांध्यांवरून पॅनलच्या कड्यांवर जातो. ज्यांना रोबोटच बघायला आवडतो त्यांनी सरळ, दोन्ही पायांवर समान वजन येईल असं उभं करावं आणि कंबरेला स्टँडचा आधार द्यावा. २००३ मध्ये सुरू झालेल्या बिनालटेक मालिकेसारख्या एकास चोवीस प्रमाणातल्या, धातूच्या बॉडीच्या गाड्या असतील तर हे जास्तच पाळा, त्यांचे दरवाजे-बॉनेट धातूचे, ते वजन रोबोट झाल्यावर पाठीवर आणि हातांवर लटकतं.

गाडी रूपात ठेवताना रबरी टायरकडे लक्ष असू द्या. मऊ रबर किंवा पीव्हीसी महिनोन्महिने दुसऱ्या प्लास्टिकला टेकून राहिलं तर त्यातलं मऊ ठेवणारं रसायन बाहेर येतं आणि समोरचं प्लास्टिक चिकट होऊन टायरचा ठसा उमटतो. फळीवर ॲक्रिलिकचा किंवा प्लास्टिकचा बेस असेल तर चाकांखाली साध्या कागदाचे तुकडे ठेवा. बॅटरीवाले असतील तर बटन सेल काढून ठेवा, पावसाळ्यात फुटतात आणि पत्रे हिरवे करतात. झालाच तसा प्रकार तर इअरबडवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडं करा.

उलटी तक्रारही येते, सांधा इतका घट्ट की रूप बदलताना करकरतो, आणि मग घरातलं खोबरेल नाहीतर शिलाई मशीनचं तेल घातलं जातं. हे कृपया करू नका. खोबरेल थंडीत गोठतं आणि धूळ धरतं, आणि मशीनच्या तेलाने पारदर्शक प्लास्टिकला बारीक चिरा जाऊ शकतात. सिलिकॉन ग्रीस घ्या, टूथपिकच्या टोकाएवढं. तेल घातलंच असेल तर भांड्यांचा साबण, कोमट पाणी, मऊ टूथब्रश, आणि पंख्याखाली दिवसभर वाळवा, विशेषतः स्क्रूच्या भोकात पाणी राहू देऊ नका.

कुणी म्हणेल एवढी यातायात कशाला, दुसरा घ्या. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर, आणि १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्काही सक्तीचा झाला. बाहेरून मागवलेला रोबोट आता मूळ किमतीच्या किती पट पडतो ते तुम्हीच हिशोब करा. आणि पैसे बाजूला ठेवले तरी, हा ट्रक मी पहिल्या पगारातून घेतलेला आहे.

सध्याची स्थिती अशी. दोन्ही घोट्यांना टेफ्लॉन टेप, प्रत्येकी दोन तुकडे, गेल्या दिवाळीत लावलेली. फळी बदलली. ह्या पावसाळ्यात एकदाही पडला नाही, आता गणपतीही होऊन गेले. उजव्या कंबरेला, जिथे मी स्क्रू जास्त आवळला होता, तिथे ती पांढरी रेघ आहे तशीच आहे, वाढलेली नाही, स्क्रू पाव फेरी सैल करून ठेवलाय. त्या बाजूला किंचित प्ले जाणवतो पण हवा कोरडी होईपर्यंत उघडत नाही, नोव्हेंबरमध्ये बघेन.